बोकेसरकारांच्या अन्नत्यागाची हकिकत

जे घडले ते पदरचे न घालता, तिखटमीठ न लावता लिहिले असे. वाचणारांनी मन घट्ट करावे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक न्हाणीघर येवढ्या मुलखाचे धनी निवृत्त हेडक्लार्क. परंतु खरा अंमल बोकेसरकारांचा. त्यांस हेडक्लार्कांच्या पत्नीने ओंजळीयेवढे असता घरात आणिले, आणि ती निवर्तल्यापासून हेडक्लार्क मनीचे जे काही बोलत ते बोकेसरकारांपाशीच बोलत. ऐशियांत मंगळवारी सरकारांनी अन्नास तोंड लावणे बंद केले आणि हेडक्लार्कांचे धाबे दणाणले.

मग मसलत बैसली. सूनबाईंनी मोबाईल धुंडून खबर आणिली की, मांजरजातीस प्रथिने पाहिजेत, चरबी पाहिजे, जीवनसत्त्वे आणि खनिजेही पाहिजेत. हेडक्लार्कांची हयात फायलींत गेलेली. त्यांनी तत्काळ तक्ता आखिला, फ्रिजवर डकविला आणि मोहिमेस तोंड लागले. प्रथम प्रथिनांची फौज उकडली कोंबडी घेऊन चालून गेली आणि सरकारांनी नाक मुरडताच माघारी आली. मग मासळी कुमकेस धाडिली, तीही गारद. मग चरबी, मग खनिजांची पूड, मग जीवनसत्त्वांचे थेंब. ते थेंब सर्व हेडक्लार्कांच्या सदऱ्यानेच प्राशन केले. सरकार पलंगाखाली गेले ते बाहेर येईनात.

गुरुवारी दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई खाशा आल्या. सरकारांच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडिली, ती लवकर जागी परतेना.

"हा पाणी कुठे पितो?"

"वाटी सदा भरलेली असते की!" हेडक्लार्क ठासून बोलले. खरेच होते. सुनेस वाटे सासरे भरतात, सासऱ्यांस वाटे सून भरते, आणि भरण्याची गरजच कोणास पडली नव्हती.

"भरलेलीच राहते म्हणजे तो पीतच नाही, आजोबा. आधी पाणी, मग बाकी सगळं. कोरड्या घशाने तुम्ही तरी जेवाल का?"

तेव्हा सूनबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या हळूच म्हणाल्या, "बाबा, तो न्हाणीघरातल्या गळक्या नळाचं प्यायचा. सोमवारी तुम्ही तो दुरुस्त केलात."

येथे बखरकाराचाही हात अडखळतो. त्या गळतीशी हेडक्लार्कांचे अकरा वर्षांचे हाडवैर. तीन प्लंबर हात टेकून गेले, तेव्हा खाशांनी पान्हा उचलोन, वायसर बदलोन ती एकहाती बंद केली आणि शेजाऱ्यांस बोलावून बोलावून दाखविली. तोच पराक्रम मुळावर आला. डॉक्टरीणबाईंनी कातडीखाली सलाईन दिले आणि बजाविले की, संध्याकाळपर्यंत पाणी न प्याल्यास दवाखान्यात आणावे.

मग हेडक्लार्कांनी केराचा डबा पालथा केला आणि कांद्याच्या साली व चहाचा चोथा उपसोन जुना फाटका वायसर हुडकिला आणि नळास पुन्हा चढविला. टपकन् थेंब पडला. मग दुसरा. हेडक्लार्क बादली पालथी घालून तीवर बैसले आणि श्वास रोखून राहिले. घटकाभराने सरकार पलंगाखालून निघाले, डुलत डुलत आले आणि त्यांनी नळाखाली जीभ लाविली.

"पी रे राजा, पी. माझंच चुकलं."

येणेप्रमाणे गुरुवारी सूर्य मावळण्याआधी फत्ते जाहली. तक्त्यात सर्वांचे शिरावर 'पाणी' ऐसा नवा रकाना पडला आणि हुकूम सुटला की, या नळास कोणी पान्हा लावील त्याचा मुलाहिजा राहणार नाही. या युद्धात हरले ते एकटे हेडक्लार्क. आणि हरून येवढा आनंद त्यांस पत्नीमागे प्रथमच जाहला, हे खरे जाणोन दप्तरी नोंदविले असे.