दाब

गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायचा पाईप तडकला, तेव्हा अनंतरावांना मनापासून आनंद झाला. बायकोच्या, वासंतीबाईंच्या साडीवर कारंजं उडालं होतं, खालच्या मजल्यावरून "अहो, वर कुणी राहतं का?" अशी खास चौकशी येत होती, आणि अनंतराव पाईपचा तुकडा कापून उजेडात धरून बघत होते.

"कडक झालाय बघ! पुढचं तोंड बंद करून नळ तसाच चालू ठेवायचा, म्हणजे सतत आतून दाब. आधी लवचीकपणा जातो, मग भेगा पडतात. अगदी धमनीसारखं!"

"आधी नळ बंद करा," वासंतीबाई म्हणाल्या. "धमनीचं चहानंतर बघू."

अनंतरावांनी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये प्रयोगशाळा उरली नव्हती, कुतूहल मात्र सगळं शिल्लक होतं. त्यातच ज्येष्ठ नागरिक संघात 'ताण आणि रक्तवाहिन्या' हे व्याख्यान झालं. बाकीचे ज्येष्ठ चहा-बिस्किटांची वाट बघत पेंगत होते. अनंतराव प्रश्नांमागून प्रश्न विचारत होते. ताण आला की रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. ताण ओसरला की सगळं पूर्ववत होतं. पण ताण रोजचाच झाला, तर आतलं नाजूक अस्तर दुखावतं आणि भिंती ताठ होत जातात. हे कळल्यापासून त्यांना माणसं दिसेनाशी झाली आणि नुसत्या नळ्या दिसू लागल्या.

सगळ्यात जास्त काळजी वाटली ती मुलाच्या, केयूरच्या नळ्यांची. केयूर आयटीत होता. सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचा आणि घरी आल्यावर जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप मांडून अमेरिकेशी बोलत बसायचा. पुढच्या महिन्यात तर तो तिकडेच जाणार होता, पहिल्यांदा, तीन महिन्यांसाठी. कधीपासून वाट बघत होता बिचारा. तिकडे एकटा असताना ह्याला काही झालं तर? हा विचार अनंतरावांच्या मनात ठाण मांडून बसला होता. पण त्या घरात काळजी बोलून दाखवायची पद्धत नव्हती. तिचा प्रयोग करायची होती. अनंतरावांनी रक्तदाब मोजायचं मशीन विकत आणलं.

त्या संध्याकाळी केयूरचा कॉल ऐन रंगात आला होता. काम का लांबलं, असं अमेरिकेतला साहेब खोदून खोदून विचारत होता. अनंतराव मागून आले आणि त्यांनी केयूरच्या दंडाला पट्टा गुंडाळला. केयूरने डोळे मोठे केले, मान हलवली, हात जोडले. पट्टा घर्रर्र करत फुगला.

"एकशे साठ!" अनंतराव हर्षाने ओरडले. "काय विचारलं रे त्याने आत्ता? परत विचारायला सांग!"

पलीकडून साहेबाने विचारलं, तिथे नक्की काय चाललंय? केयूरचं बोट म्यूटच्या बटणाकडे गेलं, पण अनंतराव त्याच्याआधी पोचले.

"गुड इव्हनिंग! आय ॲम हिज फादर. युवर क्वेश्चन इज रेझिंग हिज प्रेशर. काइंडली आस्क वन मोर."

साहेब भला माणूस होता आणि तेच नडलं. त्याने काळजीने मॅनेजरला मेल केली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने केयूरला बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं, "हेल्थ फर्स्ट. कंपनीच्या डॉक्टरकडून फिटनेस सर्टिफिकेट आण. नाहीतर नो इश्यूज, आपण दुसऱ्या कुणाला पाठवू."

घरात हाहाकार उडाला. वासंतीबाईंनी लोणची-पापड माळ्यावर टाकले आणि आमटी अळणी केली. केयूरची बायको तनया सकाळ-संध्याकाळ बासरीची सीडी लावू लागली. अनंतराव तर अपराध्यासारखे, पण नेमाने, मशीन घेऊन त्याच्या मागे उभे राहू लागले. तोंडात ब्रश असताना, बूट घालताना, देवाला नमस्कार करताना.

"शांत हो, केयूर. झालास का शांत? अजून नाही? का नाही झालास?"

"होतोय ना बाबा!" केयूर असा ओरडला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

आकडा चढतच गेला. आता केयूरलाही खरं वाटू लागलं. बसमध्ये खिडकीशी बसून तो मानेची शीर चाचपायचा आणि कडक लागतेय का ते बघायचा.

तपासणीच्या दिवशी सगळं घर दवाखान्यात गेलं. आत मात्र एकट्या केयूरला घेतलं. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, परत मोजला. मग दार उघडून त्या म्हणाल्या, "अगदी नॉर्मल आहे."

"शक्यच नाही," अनंतराव आत घुसत म्हणाले. "तुमचं मशीन चुकतंय."

तो आवाज ऐकताच डॉक्टरीणबाई ताठ झाल्या. "अनंत सर? मी श्रद्धा. दहावी ब." मग त्यांनी सरांकडे पाहिलं, सरांच्या हातातल्या मशीनकडे पाहिलं आणि केयूरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "सर, घरी मोजतं कोण?"

"मीच."

"कुठे उभं राहून?"

"मागे. तिथून आकडा नीट दिसतो."

"सर, प्रॅक्टिकलला तुम्ही मागे येऊन उभे राहिलात की माझा लोलक झुलायचा थांबायचा. आत्ता जरा तसेच उभे राहा बघू."

अनंतराव मागे उभे राहिले. आकडा चढला. त्यांना बाहेर पाठवलं, थोडं थांबून मोजलं, तर उतरला. तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि "किती आलं?" असा अनंतरावांचा आवाज आला. पुन्हा चढला.

"वा!" अनंतराव दारातच टाळी वाजवत म्हणाले. "म्हणजे बदलणारा घटक मीच! श्रद्धा, खात्रीसाठी अजून एकदा करूया?"

"नको बाबा," केयूर कळवळला.

"केयूरला फिटनेस देते," श्रद्धा हसत म्हणाली. "घटकाभर दाब चढतो, उतरतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सर, आता तुम्ही बसा."

"मला काय झालंय?" बिल्डिंगमधला एकही दंड त्यांनी सोडला नव्हता, स्वतःचा सोडून. पण बसावं लागलं. आकडा बघून श्रद्धाचं हसू गेलं. थोडं थांबून तिने पुन्हा मोजला.

"सर, हा आजचा नाही वाटत. तपासण्या करू, गोळी सुरू करू. रोजची कसली काळजी असते का?"

"मला? छे! निवृत्त माणूस मी."

केयूर वडिलांकडे बघतच राहिला.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी पट्टा अनंतरावांच्या दंडाला होता आणि मशीन केयूरपुढे.

"बाबा, बोलायचं नाही. नुसतं ऐका. तीन महिन्यांचाच प्रश्न आहे. रोज फोन करीन. दिवाळीला मी घरी."

मशीन घरघरलं. दुपारपेक्षा आकडा बराच खाली आला होता.

"उतरलं की!" वासंतीबाई म्हणाल्या. "परत सांग रे त्यांना."

केयूरने पुन्हा बटण दाबलं. तेवढ्यात कोथिंबीर निवडता निवडता तनया सहज म्हणाली, "पण केयूर, काम वाढलं तर वर्षभर ठेवून घेतील, असं मॅनेजर म्हणत होता ना?"

पट्टा फुगत गेला. सगळ्यांच्या माना मशीनवर वाकल्या. आकडा उमटायच्या आत अनंतरावांनी पट्टा ओढून काढला, नळी गुंडाळली आणि सगळं खोक्यात घातलं.

"बाबा, किती आलं?"

"बिघडलंय मशीन," ते म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. नव्या पाईपपाशी वाकून ते बराच वेळ काहीतरी बघत राहिले.

"अहो, नळ बंदच आहे," वासंतीबाई हळूच म्हणाल्या. "या आता आत."