सव्वातीन हेक्टर

गुरुवारी दुपारी बाबांचा फोन आला, तेव्हा लेदियानी बेलें शहरातल्या कार्यालयात एका हाताने राजमा-भात खात होती आणि दुसऱ्या हाताने उपग्रहाच्या चित्रावर लाल रेघ ओढत होती. तिचं काम एवढंच. जंगल तुटलेलं दिसलं की भोवती रेघ ओढायची आणि इशारा पुढे पाठवायचा.

"पोरी, तू पाठवलेली माणसं आत्ताच जेवून गेली," बाबा म्हणाले.

"कुठली माणसं?"

"सरकारी. चौघं, बंदुकांसकट. दंड करायला आलेली बिचारी. त्यांची होडी चिखलात रुतली, मग मीच मासे भाजले. एकानं तर दोनदा मागून घेतलं."

लेदियानीचा घास तोंडातच राहिला. गेल्या आठवड्यात गावाकडच्या तापाजोस नदीच्या एका वळणावर तिने रेघ ओढली होती, ती तिला आठवली. "ते तुम्ही तोडलंत?"

"तूच म्हणालीस ना, तीन हेक्टरपेक्षा लहान काही तुम्हाला दिसत नाही? माझं कसाव्याच्या कंदांचं शेत केवढंसं. म्हणून यंदा ओस्मारिनानं, बेनेदितोनं नि मी शेतं एकमेकांना चिकटवून केली. सगळं गाव राबलं. सव्वातीन भरलं. तिघांचेही परवाने आहेत, त्या साहेबांनी बघितले. दिसलं ना मग?"

"दिसलं. बाबा, असं करतात का? माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे की. घरी ये."

तिचे साहेब मागे येऊन उभे राहिले, म्हणून तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा झोपायच्या झुल्यातून उठलेच नाहीत.

दुखवट्याची सुट्टी मंजूर झाली, पण त्यासोबत एक फॉर्मही आला. इशारा नातेवाइकाच्या जमिनीवर निघाला होता, म्हणून खुलासा हवा होता. 'इशारा देताना जमीन नात्यातील व्यक्तीची असल्याचे माहीत होते काय?' खाली दोन चौकोन होते.

"'हो' लिहिलंस तर चौकशी लागेल," साहेब हळूच म्हणाले. "'नाही'वर खूण कर आणि मोकळी हो. एका मिनिटाचं काम आहे."

ते एक मिनिट तिला दोन दिवसांच्या बोटीच्या प्रवासातही सापडलं नाही. बाबांच्या सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला ती गावी पोचली, तेव्हा फॉर्म पिशवीत कोराच होता.

गावात तिचा भाव भलताच वाढलेला. प्रार्थना संपते न संपते तोच बेनेदितोकाका कानाशी आले. "लेदी, माझं छप्पर कुठे गळतं, ते जरा वरून बघून सांगशील?" एका बाईला हरवलेली डुकरीण हवी होती. लेदियानीने दोघांनाही बघते म्हणून सांगितलं.

मग शेजारच्या ओस्मारिनाकाकू तिला शेतावर घेऊन गेल्या. जळक्या बुंध्यांमधून कसाव्याचे कोंब वर आले होते.

"त्या दिवशी तुझा बाप घरोघर सांगत हिंडला," काकू म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या जंगलात पोरीनं आपलं घर बरोबर हुडकलं म्हणाला. मला तर तीनदा सांगितलं. शेवटी मीच म्हटलं, बस कर आता, जाऊन झोप."

त्या हसल्या आणि बाहीने डोळे पुसत घराकडे वळल्या.

लेदियानी बुंध्यांच्या मधोमध उभी राहिली. वर ढग दाटले होते. आज वरून काहीच दिसलं नसतं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मी ओळखलं नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी परकं आहे."