आधी पानी दाव

आमचे घरमालक जोमाकाका म्हात्रे चपला विकत घेत, तेव्हा दुकानदारालाही त्यांच्याबरोबर चालावं लागे. नवी चप्पल पायात सरकवली की काका दुकानाबाहेर पडत आणि सरळ खाडीच्या दिशेने चालायला लागत. पैसे दिलेले नसत, म्हणून दुकानदार मागोमाग. अर्ध्या वाटेत काका थांबत, पायाची बोटं हलवून बघत आणि म्हणत, "बसून चपलेचं काय कलनार? चपल चालाला हाय." मग दोघं परत येत. अशाच एका फेरीत दुकानदाराच्याच चपलेचा अंगठा तुटला, असं गावात सांगत. मला ती गोष्ट काकांच्या विरोधकांनी उठवलेली वाटते.

नव्वदच्या दशकातले ते दिवस. मी वाशीच्या एका शाळेत शिकवत होते, नवरा रबाळ्याला एका कंपनीत. दोघंही साताऱ्याकडचे. कोपरखैरण्याला नवी सेक्टरं उभी राहत होती आणि त्यांच्या मधोमध बोनकोडे गाव आपल्या जुन्या गल्ल्या सांभाळून बसलं होतं. काकांची भातशेती या नव्या शहरात गेली. हातात आलेल्या पैशांतून त्यांनी भाड्याच्या खोल्यांची एक इमारत बांधली, पण स्वतः मात्र शेजारच्या कौलारू घरातच राहिले.

खोली बघायला गेलो तेव्हा आम्ही भिंती बघत होतो आणि काका आम्हाला. "बसा," ते म्हणाले. आम्ही फरशीवर बसलो. चहा आला. काका समोर बसून नुसते बघत होते. चहा संपला, तरी बोलणं काही निघेना. शेवटी माझ्या नवऱ्याने भाड्याचं विचारलं.

"थांब जरा," काका म्हणाले. "भारोत्री खोलीत बसलेला कसा दिसतं, ते बगतंय."

आम्ही आणखी थोडा वेळ जमेल तितकं चांगलं दिसत बसलो. मग काका उठले. "शोभता. उंद्या सामान आना."

त्यांचं एक वाक्य गावात सगळ्यांच्या तोंडी होतं : "आधी पानी दाव." एकदा एक बिल्डर गावात रंगीत चित्रं घेऊन आला. चित्रात उंच इमारत, तिच्या पायथ्याशी निळाशार तलाव आणि तलावाकाठी गोरीपान माणसं. मंडळी माना डोलावत होती. काकांनी चित्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि परत देत म्हणाले, "यातला पानी पिऊन दाव." बिल्डर हसला. काका हसले नाहीत. यापूर्वी बांधलेली एखादी इमारत दाखवायला त्याला सांगितलं, तेव्हा तो "सोय करतो" म्हणून गेला आणि मग फिरकलाच नाही.

अशा माणसाने स्वयंपाकघर नव्याने करायला घेतलं, हे मुळात आश्चर्यच होतं. त्यांच्या बायकोचे, हौसाकाकीचे, गुडघे कुरकुरायला लागले होते. ती बसून स्वयंपाक करी, कोपऱ्यातल्या मोरीत बसून भांडी घाशी आणि उठताना भिंतीचा आधार घेई. एका सकाळी काकांनी ते बघितलं आणि संध्याकाळी गवंडी येऊन भिंतीवर टकटक करत होता. काकीला कोणी विचारलं नाही. तिला कळलं ते चूल बाहेर निघाली तेव्हा.

मागच्या बाजूला खोली वाढवली, ग्रॅनाइटचा ओटा झाला, पांढऱ्या टाइल्स लागल्या, स्टीलचं सिंक बसलं. सगळं झालं. राहिला फक्त सिंकवरचा नळ. टाइलमधून पाइपाचं एक टोक बाहेर आलं होतं आणि त्यात प्लंबरने लाकडी गुल्ली ठोकून ठेवली होती. ती गुल्ली दिवसेंदिवस तशीच. हौसाकाकी मागच्या पत्र्याच्या शेडखाली स्टोव्हवर स्वयंपाक करत होती, पाणी गल्लीतल्या नळावरून आणत होती आणि काका नळ शोधत होते.

"मास्तरीनबाय, तुमी वाशीला जाता. मी पन येतंय," काका मला म्हणाले. "खोक्यावरचा इंग्लिश तुमी वाचा. बाकीचा मी बगतंय."

शाळा सुटल्यावर मी त्यांना वाशीतल्या हरीशभाईंच्या दुकानात घेऊन गेले. काकांच्या हातात भलीमोठी कापडी पिशवी होती. दुकानात हिरव्या मखमलीच्या फळीवर नळ दागिन्यांसारखे मांडले होते. काकांनी एकेक नळ उघडून आणि बंद करून बघितला. मग फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "चांगला नल पायजे. पानी दाव."

"इस नल का पानी एकदम फर्स्ट क्लास आयेगा, चाचा," हरीशभाई म्हणाले.

"मराठीत बोल."

"अहो, तुम्हीच नल म्हणालात. मला वाटलं, हिंदीवाले आहात."

"आमच्यात नलच म्हनतात. तुमी आमचा घेतला."

हरीशभाई मुरलेले दुकानदार होते. त्यांनी चहा मागवला. "काका, हे नळ शोचे आहेत. यात पाणी कुठून येणार?"

"मंग शो बगून मी जातंय. पैसं पान्याच्या नलाचं देईन."

पण ते गेले नाहीत. दुकानाच्या मागे चहाचे ग्लास विसळायला एक लहानसं बेसिन होतं, ते त्यांच्या नजरेने टिपलं होतं. त्यांनी पिशवीतून पाना काढला, धाग्याची गुंडी काढली आणि शेवटी फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा मोठा हंडा काढला. हंडा बघून दोन गिऱ्हाइकं बाजूला सरकली. काय होणार हे त्यांना कळलं नसावं, पण काहीतरी होणार याची खात्री पटली असावी.

सगळ्यात झगझगीत नळ काकांनी बेसिनवर चढवला आणि फिरवला. पाणी आलं ते थेट हरीशभाईंच्या झब्ब्यावर. छातीपासून खाली ते चिंब झाले.

"बगितलंस?" काका शांतपणे म्हणाले. "मखमलीवर किती गरीब दिसत होता."

मी लाजेने खोक्यावरचं इंग्रजी वाचत उभी राहिले. मला वाटलं, आता आपल्याला हाकलणार. पण ओल्या झब्ब्यानिशी हरीशभाई त्या नळाकडे बघत म्हणाले, "साला, हा तर मी माझ्या मेव्हण्याला दिला." आणि त्यांनी स्वतःच दुसरा नळ काढून काकांच्या हातात ठेवला.

त्यानंतर आमच्या किती फेऱ्या झाल्या, ते मी मोजलं नाही. काकांच्या परीक्षा कडक होत्या. नळाखाली हंडा बसला पाहिजे. पाणी हंड्याच्या तोंडात सरळ पडलं पाहिजे, काठावर नाही. नळ फुसफुसता कामा नये. बंद केल्यावर थेंब गळता कामा नये. "बोलून जाला की गप बसाला पायजे," ते म्हणत आणि बोलून झालं की स्वतः गप बसत. डोळे मिटून पाण्याचा आवाज ऐकत. एकदा एका नळाचा आवाज ऐकता ऐकता ते स्टुलावर झोपी गेले. मला वाटलं, हाच ठरला. पण जागे झाल्यावर त्यांनी तोही नापास केला. "झोप आनतं. पानी भरताना झोपाला नाय पायजे."

मजा म्हणजे हरीशभाई या खुळात पुरते सामील झाले. त्यांनी माळ्यावर एक ड्रम चढवला, खाली पाइप सोडला आणि गिऱ्हाइकांना चालू नळ दाखवायला लागले. गिऱ्हाइकं वाढली. काका दुकानात शिरले की हरीशभाई गल्ल्यावरून उठून उभे राहायचे. इतका मान आमच्या मुख्याध्यापकांनाही वाशीत कोणी देत नव्हतं.

इकडे गणपती जवळ आले. काकांच्या घरी गणपती बसायचा, सगळं गाव जेवून जायचं. हौसाकाकी एका दुपारी मला म्हणाली, "तुज्या काकाला सांग. मी शेडमदी मोदक करनार नाय. गनपती काय त्या गुल्लीला नमस्कार करनार?" तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळ्यांत पाणी होतं. कंबर धरून ती गल्लीतून हंडा आणत होती. मी काकांना ते जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझी शाळा सुटायच्या आधीच ते हरीशभाईंच्या दुकानात जाऊन बसले होते.

आणि त्या दिवशी नळ मिळाला. उंच, हंसासारखी मान वळवलेला, एका बोटाने फिरणारा. पाणी दोरीसारखं सरळ उतरलं. आवाज होता, पण नुसता असल्यापुरता. काकांनी तो बंद केला आणि आम्ही तिघं श्वास रोखून तोटीकडे बघत राहिलो. थेंब नाही. हरीशभाईंनी हळूच मखमलीवर हात पुसले. काका म्हणाले, "हा शहाना हाय."

नळ बसवला त्या दिवशी शेजारणी जमल्या. काकांनी नारळ फोडला, काकीने नळाला हळदकुंकू लावलं. पडवीत पुरुषमंडळी चहा पीत होती. हंडा सिंकमध्ये ठेवला. काकांनी एका बोटाने नळ फिरवला आणि पाणी हंड्याच्या बरोबर मधोमध उतरलं. बायका "अगो बाय" म्हणाल्या. हंडा काठोकाठ भरला, नळ बंद झाला, एक थेंब बाहेर नाही.

मग काकी पुढे झाली. तिने हंड्याच्या गळ्याला हात घातला आणि जोर केला. हंडा हलला नाही. काकी ठेंगणी. सिंक तिच्या छातीशी येत होतं. भरलेला हंडा त्या खोलगट सिंकमधून वर उचलायचा आणि मग खाली घ्यायचा, हे तिच्या कमरेला झेपणारं नव्हतं. तिने पुन्हा एकदा जोर करून बघितला आणि हात सोडले.

महिनाभर नळाचा आवाज ऐकला, धार बघितली, थेंब तपासले. भरलेला हंडा सिंकमधून काढणार कोण, हे कोणीच बघितलं नव्हतं. खोक्यावरचं इंग्रजी वाचणाऱ्या मीही नाही.

"तांब्या-तांब्याने घेत जा, काकी," मी म्हणाले.

"पडवीतला रांजन तांब्यानी कवा भरायचा?" काकी म्हणाली. पडवीतल्या त्या रांजणातलं पाणी येणारे-जाणारे सगळे पीत. तो रिकामा राहिलेला मी कधी बघितला नव्हता. "जाऊ दे. नल चांगलाच हाय. भांडी धुवाला होईल. पिवाचा पानी मी गल्लीतून आनीन, हाय तसा."

काकांनी एकदा हंड्याकडे बघितलं, एकदा पडवीतल्या पुरुषांकडे, आणि ते मागच्या दाराने निघून गेले. मला फार वाईट वाटलं. एवढा जीव लावून निवडलेला नळ, आणि तो असा नापास व्हावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले, तर काकांच्या पडवीसमोर दोन-तीन माणसं थबकलेली. घरातून काका बाहेर येत होते. खांद्यावर तांब्याचा भरलेला हंडा, एक हात हंड्याला, दुसऱ्या हाताने दाराची चौकट धरलेली. सवय नव्हती. चालताना पाणी हिंदकळून सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी हंडा जपून रांजणात रिकामा केला.

समोरच्या ओट्यावर त्यांचा चुलतभाऊ दामा दात घाशीत बसला होता. तो गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "जोमा, बायकांसारका पानी भराला लागलास काय रं?"

काका वळले. "हां," म्हणाले. "नल मी निवरलाय. पानी पन मीच आननार." आणि रिकामा हंडा घेऊन आत गेले.

काकी पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ टेकले. शाळेला उशीर होणार होता, पण जाववेना. काकी आपल्याशीच हसत होती.

"लगीन होऊन आले तवा गोड्या पान्याची विहीर लांब होती," ती म्हणाली. "खाडीच्या बांधाच्या पलीकरं. बाप्यानी पानी भरला तर गाव हसायचा. हा मिठागरावरून यायचा नि बांधाजवल माजी वाट बगत थांबायचा. बांध उंच. त्याच्या आड कोनाला दिसाचा नाय. तितक्यापुरता माजा हंडा हा घ्यायचा. गावची घरं दिसाला लागली का परत माज्या डोक्यावर ठेवायचा, आनि हा मागून मोकल्या हातानी चालायचा."

"रोज?"

"कामावर असला की रोज."

"तुम्ही कधी बोलला नाहीत हे."

"कोनाला सांगनार, बाय? बांधाआडचा होता."

एवढ्यात काका दुसरा हंडा घेऊन बाहेर आले. या वेळी चौकट धरली नव्हती. रांजणात पाणी ओतून झाल्यावर त्यांनी आमच्याकडे संशयाने बघितलं. "काय सांगते तुमाला?"

"नळ चांगला आहे म्हणतात," मी म्हणाले.

"मी बोललेलो," काका म्हणाले.

रांजण अजून अर्धाच भरला होता. ते परत आत गेले. ओट्यावरच्या दामाने चूळ भरली आणि तो दुसरीकडे बघायला लागला. काकीने पदर नीट केला आणि सगळ्या गल्लीला दिसेल अशी ती पायरीवर बसून राहिली.