‘साडेसातनंतर’चं पुनर्मूल्यांकन

मरुधर मराठी मंडळाने सुवर्णमहोत्सवी वर्षात एका दुर्लक्षित कलावंताचा सन्मान करायचा ठराव एकमताने मंजूर केला. त्यानंतर मंडळाच्या लक्षात आलं की असा कलावंत कोण आहे हे कोणालाच ठाऊक नाही. एका वयोवृद्ध कवींचं नाव पुढे आलं होतं; पण दुर्लक्षित म्हणून त्यांचा याआधीच चार ठिकाणी सत्कार झालेला आहे, असं चौकशीअंती निष्पन्न झालं. मंडळाला ताजं, न वापरलेलं दुर्लक्ष हवं होतं.

ते जयपूरच्या वैशाली नगरमध्ये डॉ. देवयानी सबनीस यांच्या घरी सापडलं.

देवयानीबाई निवृत्त भूलतज्ज्ञ. छत्तीस वर्षं त्यांनी जयपुरातल्या लोकांना टेबलावर आडवं करून झोपवलं. त्याआधी, मेडिकल कॉलेजात असताना, त्या ड्रम वाजवून लोकांना उठवत असत. चित्रा गायची आणि लीड गिटार वाजवायची, कस्तुरी बेस, सुलोचना कीबोर्ड. मुलींचं होस्टेल साडेसातला बंद व्हायचं, म्हणून बँडचं नाव ‘साडेसातनंतर’. मुलींचा रॉक बँड जयपूरकरांनी त्याआधी पाहिला नव्हता, आणि हा तरी कुठे धड पाहिला? १९८६ च्या स्नेहसंमेलनात चौघींनी स्वतः रचलेलं एकुलतं एक गाणं सुरू केलं, पहिलं कडवं संपलं आणि रेक्टरबाई मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून स्टेजवर आल्या. ते गाणं पुरं असं लोकांसमोर आजवर वाजलेलं नाही.

आणि आता घाई होती. पुढच्या महिन्यात कस्तुरीच्या डाव्या हाताचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर तिची बोटं बेसच्या जाड तारा दाबू शकतील, अशी हमी सर्जनही देत नव्हता. त्यामुळे मंडळाचा फोन आला तेव्हा देवयानीबाईंनी एकच अट घातली.

“शाल नको, नारळ नको. साडेचार मिनिटं द्या. गाणं पुरं वाजवू द्या.”

“देऊ की!” पलीकडून उत्तर आलं. “त्याआधी फक्त थोडी प्रक्रिया आहे.”

प्रक्रिया रविवारी सकाळी तीन माणसांच्या रूपाने घरी येऊन सोफ्यावर बसली. समितीचे अध्यक्ष प्रा. यतीन गोंधळेकर विद्यापीठात सांख्यिकी शिकवत. निवृत्त कर्नल रणजित इंगवले यांना संगीतातलं कळत होतं, कारण त्यांच्या छावणीतून रोज सकाळी एक बँड जात असे. प्रज्ञावहिनी महिला विभागाच्या प्रमुख आणि नऊ वर्षं पाककला स्पर्धेच्या परीक्षक.

“देवयानीताई,” कांद्याच्या कचोरीचा तुकडा मोडत प्राध्यापक म्हणाले, “आम्ही तुमच्या सांगीतिक वारशाचं पुनर्मूल्यांकन करतो आहोत.”

“करा की. पण आधीचं मूल्यांकन कोणी केलं होतं?”

प्राध्यापकांचा हात चटणीच्या वाटीवर थांबला. “कोणीच नाही?”

“चाळीस वर्षांत कुत्र्याने विचारलं नाही.”

“मग आपण ‘पुनर्’ कशाचं करणार?” कर्नलसाहेब घाबरून म्हणाले. युद्धातही ते एवढे घाबरले नसतील.

समितीने तिथल्या तिथे तातडीची बैठक घेतली. ती कचोऱ्या संपेपर्यंत चालली. ज्याचं मूल्यांकन झालेलं नाही, त्याचं पुनर्मूल्यांकन नियमबाह्य ठरतं. सबब ‘साडेसातनंतर’चं मूल्यांकन प्रथम मागील तारखेने, म्हणजे १९८६ सालात करण्यात यावं, आणि ते अन्यायकारक असावं. अन्यायच नसला तर समिती दूर काय करणार?

अन्यायाची जबाबदारी कर्नलसाहेबांनी आपण होऊन घेतली. एका बैठकीत चार पानं लिहून काढली. इतका ओघ आपल्या लेखणीला कधीच आला नव्हता, असं त्यांनी नंतर पत्नीला सांगितलं. ‘सदर मुलींच्या वादनात शिस्तीचा अभाव असून एकीनेही अंबाडा घातलेला नाही. ढोलवाल्या मुलीने पाय पसरून बसू नये.’ एकूण गुण, शंभरापैकी अकरा.

“अकरा?” देवयानीबाई फोनवर कडाडल्या. “गाणं न ऐकता?”

“ताई, शहाऐंशी साली तरी कोणी ऐकलं होतं?” प्राध्यापक समजुतीने म्हणाले. “काळाशी प्रामाणिक राहायला हवं.”

“माझ्याकडे तालमीची कॅसेट आहे. आत्ता पाठवते.”

“नको, नको! कॅसेट ऐकली तर आमचं काहीतरी मत होईल. मग आमच्या तटस्थपणाचं काय?”

मूल्यांकन झालं तसं पुनर्मूल्यांकन सुरू झालं. विद्यापीठात पेपर पुन्हा तपासताना विद्यार्थ्याला नवं उत्तर लिहू देत नाहीत, त्यामुळे इथेही कॅसेटचा प्रश्न उद्भवला नाही. कर्नलसाहेबांच्या बेरजेत तीन गुणांची चूक सापडली आणि अकराचे चौदा झाले. पास व्हायला पस्तीस लागतात. नापास बँडचा सन्मान केला तर उद्या कोणीही उठून मागेल, यावर समितीचं एकमत होतं.

तेव्हा प्रज्ञावहिनींनी महिला विभागाचा वाढीव गुणांचा तक्ता काढला. कलेसाठी घर सोडलं नाही: सात गुण. घरासाठी कला सोडली: चौदा गुण.

“बघा, बरोबर पस्तीस!” वहिनींचे डोळे पाणावले. “तुम्ही वाजवणं सोडलंत म्हणून वाचलात गं. वाजवत राहिला असतात तर कठीण होतं.”

अडचण एकच होती. चित्राने सोडलंच नव्हतं. ती जयपुरातच जन्मलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि आजही दर शनिवारी आमेरच्या एका गेस्टहाउसच्या गच्चीवर गिटार वाजवणारी.

“मतलब, मला म्युझिकसाठी प्राइझ मिळावं म्हणून मी म्युझिक बंद करू?” तिने विचारलं.

“कायमचं कोण म्हणतंय, चित्राताई?” प्रज्ञावहिनी म्हणाल्या. “पंधरा दिवस सोडा. रोज सकाळी कव्हर घातलेल्या गिटारचा फोटो समितीच्या ग्रुपवर टाका, बास.”

“देवू, ह्यांना मी मारू का?”

“कस्तुरीची बोटं,” देवयानीबाई एवढंच म्हणाल्या. चित्राने पंधरा दिवस फोटो टाकले. प्रज्ञावहिनींनी प्रत्येकावर हात जोडल्याचं चिन्ह दिलं.

कार्यक्रमपत्रिका छापून आली. तीत दीपप्रज्वलन होतं, एकतीस मान्यवरांना साफे बांधणं होतं, प्रास्ताविक, परिसंवाद आणि लहान मुलांचा नाच होता. गाणं नव्हतं.

“गाणं कुठंय?”

“ताई, तांत्रिक बाब आहे,” प्राध्यापक म्हणाले. “तुम्हाला कला सोडल्याचे चौदा गुण आहेत. स्टेजवर वाजवलंत तर ते काढून घ्यावे लागतील. मग उरले एकवीस. म्हणजे सन्मान घेता घेता तुम्ही नापास होणार! हां, एक करता येईल. कार्यक्रम संपल्याचं जाहीर झालं की तुम्ही आमच्या कक्षेबाहेर. मग खुशाल वाजवा.”

देवयानीबाईंनी होकार दिला. साडेचार मिनिटांसाठी माणूस काय काय कबूल करतो, हे त्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये अनेकदा दिसलं होतं.

सोहळा रविवारी सकाळी दहाला सुरू झाला. साफे बांधायलाच तास गेला, कारण चौथ्या मान्यवरांना रंग आवडला नाही. परिसंवादात चार वक्त्यांनी बँडची सामाजिक पार्श्वभूमी, कौटुंबिक पार्श्वभूमी, ऐतिहासिक पार्श्वभूमी आणि मंडळाची पार्श्वभूमी मांडली. तिसऱ्या वक्त्याच्या सुमारास देवयानीबाईंनी सवयीने सभागृहावर नजर फिरवली. पहिल्या पाच रांगांवर शस्त्रक्रिया करायला हरकत नव्हती. समारोपात प्रा. गोंधळेकर भरल्या गळ्याने म्हणाले, “यांच्या संगीताविषयी बोलावं तेवढं थोडंच, म्हणून मी त्याविषयी बोलत नाही.” सर्वात मोठी टाळी याला पडली.

मग आभार झाले, कार्यक्रम संपल्याचं जाहीर झालं आणि त्याच श्वासात सूचना आली, “बाहेर लॉनवर जेवण लागलेलं आहे.” दालबाटी होती, वर श्रीखंड. दोनशे चौदा माणसांचं सभागृह पाऊण मिनिटात रिकामं झालं. परिसंवादात झोपलेले सगळ्यांत पुढे होते.

चौघी स्टेजवर गेल्या. सुलोचनाने साफा काढून कीबोर्डाखाली टेकू म्हणून लावला. कस्तुरीने बोटं चोळली, देवयानीबाई पाय पसरून बसल्या आणि त्यांनी काड्या आपटून चार मोजले.

गाणं झालं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. दुसऱ्यात कस्तुरीचं बोट निसटलं आणि तिने माइकवर मेडिकल कॉलेजातली एक जुनी शिवी दिली. शेवटचा ठोका पडला. कस्तुरी हसत होती, की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

वायर गुंडाळायला थांबलेला, चौमूं गावचा साउंडवाला दशरथ खालून अदबीने म्हणाला, “मॅडमजी, टेस्टिंग ठीक हो गई. पर प्रोग्राम तो ख़तम हो गया.”

आठ दिवसांनी समितीचा अहवाल आला. सोबत श्रोत्यांचे दोनशे चौदा अभिप्राय जोडले होते. गाणं अप्रतिम झाल्याचं सर्वांनीच नमूद केलं होतं. तिघांच्या अंगावर काटा आला होता. एका गृहस्थांना तर आजही ते गाणं कानात घुमतंय, असं वाटत होतं.

“चित्रा, हे सगळे बाहेर बाटी कुस्करत होते!” देवयानीबाईंचा संताप फोनमध्ये मावेना. “एकाने तरी विचारावं की नाही, गाणं होतं कशावर?”

बाईंचा राग रास्त आहे, आणि तो तुम्हालाही मनापासून पटला असणार. चित्राने लग्न केलं नाही, हे तुमच्या लक्षात आहे. कस्तुरीचा कोणता हात, एकूण गुण किती, जेवायला काय होतं, हेसुद्धा तुम्ही न चुकता सांगाल. गाणं होतं कशावर, हे बाईंनी विचारेपर्यंत तुमच्याही मनात आलं नाही. तरी संकोच करू नका. अहवालाच्या शेवटी दोनशे पंधरावा अभिप्राय कोरा ठेवला आहे. ‘अप्रतिम’ हा शब्द सोयीसाठी आधीच छापलेला आहे. तुम्ही फक्त सही करा.