निळ्या पेन्सिलीचा ड्रायव्हर

दातांच्या डॉक्टरांनी सकाळी गॅरेजचं कुलूप काढलं, आपल्या जुन्या लष्करी ट्रकमधली नोंदवही उघडली आणि हातातला चहा बुटावर सांडला. त्यांच्या कालच्या नोंदीखाली कुणीतरी निळ्या पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं : "टाकीत गंज. नळी तुंबली आहे."

कुलूप शाबूत होतं आणि किल्ली तर खिशात होती.

ही वही ट्रकबरोबरच आली होती. युद्धात तो चालवणाऱ्या आणि तिथेच मारल्या गेलेल्या ड्रायव्हरची तीत शेवटची नोंद होती : "इंजिन चालू ठेवून वाट पाहतो आहे." पुढची पानं कोरी. त्या कोऱ्या पानांवर डॉक्टर अकरा वर्षं हौसेने रोज एकच वाक्य लिहीत : "इंजिन चालू होत नाही."

येत्या रविवारी जुन्या लष्करी वाहनांचं संचलन होतं. डॉक्टर दर वर्षी नाव नोंदवत आणि दर वर्षी पायी जात. या खेपेला संचलन भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, "गाडी घेऊन या, नाहीतर नाव खोडतो." हे डॉक्टरांच्या जिव्हारी लागलं होतं. त्यातून बायकोला शिवणाच्या क्लाससाठी गॅरेज हवं होतं; तिची मशिनं पार पलंगापर्यंत आली होती.

"चालू झाल्याशिवाय गाडी इथून इंचभर हलणार नाही!" डॉक्टर जेवताना कडाडले होते.

"बरं," बायको म्हणाली होती आणि तिने भाजी वाढली होती.

डॉक्टरांनी फिटरला बोलावलं. त्याने नळी काढून फुंकली. आतून लाल चिखल पडला.

"तुम्हीच लिहिलं असणार, डॉक्टर."

"माझं अक्षर एवढं वाचता येतं का रे?"

ते फिटरला पटलं आणि म्हणूनच तो घाबरला. केबिनमध्ये हुंगत म्हणाला, "वास येतोय. पातळ तेलाचा."

"बंदुकीचं तेल," डॉक्टर कुजबुजले. "आणि निळी पेन्सिल म्हणजे नकाशावर खुणा करायची."

फिटरला तेवढ्यात घरचं काम आठवलं.

डॉक्टरांनी वहीत लिहिलं, "नळी साफ केली. पुढे काय करू, साहेब?" दुसऱ्या दिवशी उत्तर होतं : "प्लग ओले आहेत. कितीदा सांगायचं?" त्याहून वाईट म्हणजे ड्रायव्हरची फाटकी सीट शिवलेली होती. बारीक, एकसारखे टाके.

"अगं, गॅरेजमध्ये कुणीतरी आहे," ते बायकोला म्हणाले.

"माणूस कसा आहे?"

"कामाचा आहे."

"मग ऐका की त्याचं."

डॉक्टरांनी प्लग काढून वाळवले. शनिवारी वहीत होतं : "चोक अर्धा ओढा. आज सुटेल." डॉक्टरांनी चोक ओढला. इंजिन खोकलं, गॅरेजच्या काचा थरथरल्या आणि ट्रक खरंच धडधडू लागला. डॉक्टरांचे डोळे भरून आले.

रविवारी अध्यक्षांनी त्यांना हार घातला. डॉक्टर छाती काढून परतले तर गॅरेजमध्ये सहा मशिनं खडखडत होती आणि शिकायला आलेल्या बायका माना खाली घालून शिवत होत्या. बायको कापडावर निळ्या पेन्सिलीने खुणा करत होती. शेजारी मशीनच्या तेलाची बुधली.

"तू?"

"कुलुपाला दोन किल्ल्या होत्या. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"आणि ते अक्षर?"

"डाव्या हाताचं. अडलेलं मशीन मला कळतं, अहो. प्लग ओले आहेत म्हणून अकरा वर्षं सांगतेय. माझं ऐकलं नाहीत, मेलेल्या माणसाचं दोन दिवसांत ऐकलंत!"

"पण एवढा खटाटोप कशाला?"

"चालू झाल्याशिवाय हलणार नाही म्हणाला होतात. झाली चालू. हलली."

डॉक्टर ओशाळले. मग प्रेमाने म्हणाले, "सीट मात्र सुरेख शिवलीस हं."

बायकोने मान वर केली. "कुठली सीट?"

सगळी मशिनं एकदम थांबल्यासारखी वाटली. डॉक्टर तसेच बाहेर आले.

ट्रक रस्त्याकडेला उभा होता. त्यांनी आत चढून वही उघडली. बायकोने सकाळीच लिहून ठेवलं होतं : "ड्रायव्हरने गाडी बाहेरच लावावी आणि हात धुऊन जेवायला यावं."

डॉक्टरांनी खाली लिहिलं, "बरं." मग शिवलेल्या सीटवरून अंग चोरत ते बाजूला सरकले आणि दुसऱ्या दाराने उतरले.