उभा वर्ग

रामटेके मास्तरांच्या वर्गात बसणं हा गुन्हा होता. बाकं भिंतीला उलटी टेकवलेली आणि पोरं उभी, पळणारी, नाहीतर एका पायावर. "बसल्यानं फक्त ढुंगण शिकते गा," असं ते मुख्याध्यापकांच्या तोंडावर सांगत.

त्र्याहत्तरच्या सुमारास लकडगंजच्या आमच्या शाळेत आरागिरणीवरच्या मजुरांची पोरं येत. मास्तर गिरणीतून भुशाचं पोतं खांद्यावरून आणत, वर्गात पसरत आणि पोरांना त्यात पायाच्या अंगठ्यानं अक्षरं काढायला लावत. पाढे लंगडी घालत म्हणायचे. भागाकार आला की पोरांचे गट पाडत आणि बाकी उरलेल्याला कडेवर घेऊन वर्गभर नाचत. बाकी उरायला मिळावं म्हणून पोरं मारामाऱ्या करत.

माझा वर्ग शेजारीच. आमचं पाठांतर त्या धिंगाण्यात बुडून जाई. माझ्याकडे दगड होऊन बसलेली पोरं पुढच्या वर्गात त्यांच्याकडे गेल्यावर भागाकार करू लागली होती, आणि मला त्याचा आनंद होण्याऐवजी रागच येई.

शेवटी तपासणीला आलेल्या साहेबांनी बजावलं, वर्ग खाली बसवा, नाहीतर दूरच्या तालुक्यात बदली. आम्हाला वाटलं, मास्तर स्वतःहून बदली मागून घेतील. सोमवारी पाहतो तर बाकं ओळीत, पोरं हाताची घडी घालून गप्प. मास्तर फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगत होते. मला ती शांतता सोसेना.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या. उंबऱ्यापाशी गोणपाट, स्टोव्हपाशी वाळू, मोरीपाशी खरबरीत फळी. वहिनींची नजर वर्षभरात गेलेली. त्या अनवाणी चालत होत्या. पायाला गोणपाट लागलं की वळत, वाळू लागली की थांबत. "भिंतीले हात नको लावू वं," मास्तर मागून म्हणत होते. "पायाले विचार." वहिनींनी चहा केला आणि माझ्यापर्यंत आणून दिला.

मास्तर मला अंगणात घेऊन आले. "भल्ल्या मुश्किलीनं हे घर तिच्या पायात बसवलं," ते हळू म्हणाले. "बदली झाली तं नव्या घरात पुन्हा पयलेपासून. तेवढी उमेद नाही राहिली तिच्यात. पोरायचं पाप लागंन मले. लागू दे."

आत गेलो तर वहिनींनी विचारलं, "आज काय नाचवलं पोरायले?"

"पृथ्वी फिरवली वं! परश्याले सूर्य केलं. थो बी फिरून राहिला! सारे ग्रह एकमेकायवर आदळले."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तरांचा चेहरा मला बघवेना.

"नजर होती तवा एक डाव येऊन पाहाले पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे तोंड करून विचारलं, "खरंच एवढा धिंगाणा घालतेत का हे, भाऊजी?"

मास्तर माझ्याकडे पाहत होते.

"हो वहिनी," मी म्हणालो. "आज तर फारच."