वाक्य पूर्ण करून देण्याची सोय

माझ्या भाचीने वाचा व भाषा विकारशास्त्र या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचे ठरवले, तेव्हा घरात कुणीही विरोध केला नाही. विरोध करायला आधी विषय कळावा लागतो. ज्यांना बोलताना अडचण येते, मग ती लहान मुले असोत की आजारपणात वाचा गेलेली मोठी माणसे, त्यांच्यावर उपचार करण्याचे हे शास्त्र आहे, असे माझ्या ताईने सर्वांना समजावून सांगितले. त्यावर भाऊजी म्हणाले, लोक आत्ता बोलतात तेवढे कमी आहे का. भाऊजी घरे विकणाऱ्या एका कंपनीत होते आणि दात घासतानाही बोलत.

भाची स्वतः बोलताना अडखळते. काय म्हणायचे ते तिला पक्के ठाऊक असते, शब्द तेवढा उंबऱ्यात थांबतो. आमच्या घरी त्याचा कधी बाऊ केला गेला नाही. वाक्य अडले की जवळ असेल त्याने ते पूर्ण करून द्यायचे, अशी सोय तिच्या लहानपणापासून होती, आणि या कामात माझा हात कुणी धरू शकत नसे. मी एकतीस वर्षे एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात काढली आहेत. पत्राची पहिली ओळ वाचली की उरलेले पत्र मला कळते, आणि नाही कळले तरी फारसे काही बिघडत नाही. भाची 'मला जरा' म्हणाली की मी चहा ठेवत असे आणि ती तो मुकाट्याने पीत असे. पुष्कळदा तिला जरा खिडकी उघडून हवी होती, हे फार पुढे कळले. चहा मात्र वाया गेला नाही.

अर्जांचे काम अर्थातच मी हाती घेतले. दोन ठिकाणी अर्ज करायचा होता. एक शहरातली नामांकित संस्था, जिच्या पत्रकावरच मानांकनाचे पाच तारे छापलेले होते. दुसरे एका रुग्णालयाच्या मागच्या अंगाला असलेले कॉलेज, ज्याच्या पत्रकावर रुग्णालयाचाच फोन नंबर होता. दोन्हीकडे 'मला हा अभ्यासक्रम का करायचा आहे' या मथळ्याचे हेतुपत्र मागितले होते. भाचीने अकरा ओळी लिहून माझ्यापुढे ठेवल्या. मी तीन वाचल्या, उरलेल्या लक्षात आल्या, आणि कागद खणात ठेवून मी दोन पानांचे नवे हेतुपत्र लिहिले. त्यात मानवसेवा तीनदा आणि 'निःशब्दांचा शब्द' चारदा होते. भाची म्हणाली, "मामा, पण तू पुढचं…" मी म्हटले, "पुढचं सगळं मी बघतो, तू काळजी करू नकोस."

शिवाय पन्नास तास प्रत्यक्ष उपचारांचे निरीक्षण केल्याचे प्रमाणपत्र हवे होते. नामांकित संस्थेचेच एक उपचार केंद्र आहे. लहानपणी, नऊ वर्षांची असताना, भाची तिथे चार महिने जात होती. भाऊजी तिला नेऊन सोडत. तिथल्या बाई काही उपचार करत नाहीत, तिच्यासमोर नुसत्या गप्प बसून राहतात, असे भाऊजींच्या ध्यानात आल्यावर आम्ही ते बंद केले होते. आता तिथल्या खिडकीवर असे कळले की उपचारांच्या खोलीत फक्त प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना जाता येते, आणि प्रवेश फक्त निरीक्षण केलेल्यांना मिळतो. नियमात फट नव्हती. मात्र बाहेरच्या बाकावर बसायला कुणाची हरकत नव्हती. भाची वही घेऊन पन्नास तास बाकावर बसली. एकावन्नाव्या तासाला कारकुनाने तिला निरीक्षणाचे प्रमाणपत्र दिले. निरीक्षण कशाचे केले, हा रकाना नमुन्यातच नव्हता.

नामांकित संस्थेने मुलाखतीला बोलावले. उमेदवारासोबत एका पालकाला आत बसता येत होते, म्हणून मी बसलो. प्रत्येकाला तीन मिनिटे. समितीच्या अध्यक्षांनी ऐकण्याच्या कलेवर तीन पुस्तके लिहिली होती आणि ती तिन्ही त्यांच्यासमोर, उमेदवाराला मुखपृष्ठे दिसतील अशी, उभी केली होती. मागच्या भिंतीवर पाटी होती : 'घाई करू नका. समोरच्याला बोलू द्या.' पाटीखाली घंटा होती.

"हा विषय का निवडलास?" अध्यक्षांनी विचारले.

"मी नऊ वर्षांची असताना," भाची म्हणाली, "माझ्या वडिलांनी…"

"वाचा गमावली," अध्यक्ष म्हणाले. समितीतल्या दोन सदस्यांनी माना खाली घातल्या. कारकुनाने लिहून घेतले.

भाचीने जोरजोरात मान हलवली. अध्यक्षांनी तिला हाताने थांबवले आणि सांगितले की दुःख कळते आहे, ते शब्दांत मांडायची सक्ती नाही. ती पुन्हा म्हणाली, "नाही, त्यांनी मला…" मला राहवले नाही. "हा मार्ग दाखवला," मी म्हणालो. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराकडे पाहावे, तसे ते पाहणे होते. उरलेली दीड मिनिटे आम्ही दोघांनी मिळून फार उत्तम मुलाखत दिली. घंटा वाजली. विचारांची स्पष्टता या सदरात भाचीला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण मिळाले.

प्रवेशाच्या पत्रासोबत दुसरेही एक पत्र आले. वडिलांची वाचा गेल्याच्या नोंदीस अनुसरून वैद्यकीय दाखला सादर करावा, असे त्यात म्हटले होते. भाऊजी तडक संस्थेत गेले आणि खिडकीवर म्हणाले की मला बोलता येते, नोंद चुकली आहे. खिडकीवरच्या बाईंनी नोंद तपासली. नोंदीनुसार त्यांना बोलता येत नसल्याने त्यांचे तोंडी म्हणणे विचारात घेता येत नव्हते. त्यांनी लेखी अर्ज केला. लेखी अर्ज आल्यामुळे बोलता येत नसल्याची खातरजमा झाली. तरीही नोंद बदलून हवी असेल तर एकच मार्ग होता : संस्थेच्याच केंद्रात दहा बैठकांचे उपचार घ्यायचे आणि बरे झाल्याचा दाखला आणायचा. उपचार विनामूल्य होते. मुलीच्या जागेचा प्रश्न होता. भाऊजी गेले.

बैठका स्वतः अध्यक्ष घेत. जुन्या बाई निवृत्त झाल्यापासून ती खोली आणि ती खुर्ची त्यांच्याकडे होती. पहिल्या दिवशी भाऊजी घरी आले ते चिडलेले होते, कारण एकही वाक्य शेवटपर्यंत नेऊ दिले गेले नव्हते. पाचव्या दिवशी ते नुसते थकलेले होते. दहाव्या दिवशी त्यांच्या हातात दाखला होता, आणि जेवताना ताईने दोनदा विचारले तरी ते फक्त 'हं' म्हणाले. संस्थेच्या वार्षिक अहवालात पूर्ण बरे झालेला रुग्ण म्हणून त्यांचा फोटो आला. फोटोत त्यांचे तोंड मिटलेले आहे.

याच सुमारास रुग्णालयामागच्या कॉलेजची मुलाखत झाली. तिथे समिती नव्हती, एकच तरुण प्राध्यापिका होत्या. घंटा नव्हती आणि पंख्याला एक पाते कमी होते. त्यांनी तोच प्रश्न विचारला. भाची "मी नऊ वर्षांची…" पर्यंत आली आणि अडली. प्राध्यापिका काही बोलल्या नाहीत. पेन खाली ठेवून त्या तिच्याकडे पाहत राहिल्या, जणू त्यांना त्या दिवशी दुसरे कामच नव्हते. अर्धे मिनीट गेले. अशी शांतता मला कार्यालयात फक्त पगारवाढीची यादी वाचून दाखवताना अनुभवायला मिळाली होती. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "तिला असं म्हणायचंय की…"

"काका," प्राध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी बाहेर बसलो. आत बावीस मिनिटे लागली. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही, आणि बाहेर आल्यावर भाचीला विचारावे असे मला सुचलेही नाही. बाईंना पालकांशी वागायची पद्धत नाही, एवढे मी घरी सांगितले.

दोन्हीकडून प्रवेश मिळाला. घरात बैठक झाली. कुठे जायचे आहे असे ताईने विचारताच भाचीने नामांकित संस्थेच्या पत्रावर बोट ठेवले आणि "मला इथे…" म्हणाली. "इथेच, अर्थात," मी म्हणालो, आणि संगणकावर पसंती नोंदवून टाकली. जागा पक्की झाली. भाऊजी 'हं' म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

नंतरचा आठवडा मात्र मला कठीण गेला. भाऊजी जेवायच्या टेबलाशी गप्प बसत आणि मला ती बावीस मिनिटे आठवत. आयुष्यात प्रथमच मला असे वाटले की आपले काहीतरी चुकते आहे. या पोरीचे म्हणणे ऐकून घेणारी एकच जागा या शहरात होती आणि आपण पाच ताऱ्यांपायी ती घालवली. मला खरोखर वाईट वाटले. हे मी प्रांजळपणे लिहितो, कारण पुढे जे झाले ते त्या वाईट वाटण्यातूनच झाले.

शनिवारी दुपारी भाची माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, त्या दुसऱ्या कॉलेजला…"

"माहीत आहे मला," मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते. "तुला तिथेच जायचं होतं. चूक माझी आहे. मी निस्तरतो."

ती नाही नाही म्हणून मान हलवू लागली. तिचा स्वभाव भिडस्त आहे, हे मला ठाऊक होते. मी लगेच संगणक उघडला. नामांकित संस्थेत प्रवेश घ्यायला चार महिने, सतरा कागद आणि एक वडील लागले होते. प्रवेश सोडायला एक बटण होते आणि ते पहिल्या प्रयत्नात चालले. मग मी दुसऱ्या कॉलेजला होकार कळवला. हे सगळे होईपर्यंत भाची माझ्या खांद्याशी उभी राहून कुठल्याशा एका शब्दाशी झगडत होती. मला वाटले, आभार मानते आहे. सात मिनिटांत संदेश आला की सोडलेली जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात आली असून हा निर्णय अंतिम आहे.

मी मोठ्या समाधानाने तिच्याकडे वळलो. तिने माझ्या समोरची खुर्ची ओढली, बसली, आणि माझ्या तोंडापुढे हात धरला. म्हणजे अगदी शब्दशः धरला. बोलून होईपर्यंत तो तिने काढला नाही. भिंतीवरच्या घड्याळात मला दिसत होते, सहा मिनिटे लागली.

"त्या दुसऱ्या कॉलेजला नकार कळव, असं मी सांगत होते," ती म्हणाली. "म्हणजे ती जागा कुणाला तरी मिळेल. त्या बाई चांगल्या आहेत. त्यांच्याकडे मुलांचं ठीक चाललंय. मला तिथे जायचं नव्हतं. मला इथे, संस्थेत जायचं होतं, मामा. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी मला इथे आणलं. इथल्या बाई थांबायच्या. माझं वाक्य संपेपर्यंत थांबायच्या. चार महिने मी पूर्ण वाक्यं बोलले, आणि मग तुम्ही ते बंद केलंत. आता त्यांच्या खुर्चीत ते अध्यक्ष बसतात. मी पन्नास तास बाकावर बसून मोजलं. एकेचाळीस मुलं आत गेली. आतून आवाज फक्त त्यांचाच यायचा. दोन वर्षांनी त्या खोलीत मला बसायचं होतं. कुणीतरी तिथे गप्प बसायला हवं होतं." मग तिने हात काढला आणि म्हणाली, "हे सगळं त्या कागदावर होतं. चौथ्या ओळीपासून."

मी खण उघडला. होते.

भाची आता रुग्णालयामागच्या कॉलेजात जाते. तिचे तिथे उत्तम चालले आहे असे मी सर्वांना सांगतो. तिला विचारलेले नाही. तिची संस्थेतली जागा मिळालेला उमेदवार अत्यंत अस्खलित बोलतो, असे ऐकतो. अध्यक्षांच्या खोलीत जाणाऱ्या एकेचाळिसांची आता त्रेपन्न मुले झाली आहेत. भाऊजींनी नोकरी सोडली, कारण न बोलता घरे विकली जात नाहीत.

हे वाचून तुम्हाला माझा राग आला असेल. येऊ द्या. पण त्या प्राध्यापिकेने पेन खाली ठेवले, तेव्हाच भाचीने कुठल्या कॉलेजात जावे हे तुम्हीही ठरवून टाकले होते, आणि मी ते बटण दाबले तेव्हा तुम्हाला बरे वाटले होते. तिचे वाक्य तेव्हा अर्धेच झाले होते. यावर तुम्हाला काही म्हणायचे असेल तर सांगायची तसदी घेऊ नका. काय म्हणायचे आहे ते माझ्या लक्षात आले आहे.